दाजींना काम सांगायचं नसतं

मी आयुष्यात दोनच गेम खेळलो. पहिला लहानपणी गावच्या जत्रेत, रिंगा टाकायचा. त्यात साबणाची वडी मिळाली. दुसरा गेल्या उन्हाळ्यात, पाय प्लास्टरमध्ये असताना, लॅपटॉपवर. त्यात माझे दाजी गेले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. राहायला मुरगूडला. खरे दाजी आजही ठणठणीत आहेत, फक्त गुडघे कुरकुरतात, तेव्हा कुणी घाईनं भेटायला निघू नये. गेले ते गेममधले. पण त्यांच्यासाठी मी जेवढा रडलो तेवढा सख्ख्या चुलत्याच्या मातीलाही रडलो नव्हतो, आणि हे घरातल्यांनी पाहिलेलं असल्यामुळं आता लपवण्यात अर्थ नाही.

आधी खऱ्या दाजींचं सांगतो. सहा वर्षं ते माझ्या घरी आले नव्हते. ते नाहीत म्हणून आक्का नाही. माझ्या मुलीच्या लग्नात फेटे कमी पडले. फेटेवाल्यानं आणलेले संपले आणि शेवटचे सात-आठ पाहुणे उरले, त्यांची टॉवेल-टोपीवर बोळवण झाली. त्यात दाजी होते. तासाभरानं कळलं की ते न जेवताच आक्काला घेऊन मुरगूडच्या एस.टी.त बसले.

आमच्याकडं मानपानावरून माणसं तुटणं ही काही बातमी नव्हे. कुणी पत्रिकेत नाव खाली आलं म्हणून बोलत नाही, कुणी आहेराचं कापड हलकं निघालं म्हणून. तेव्हा फेट्याचं कारण सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. मग मी दर दिवाळीला आहेर पाठवायला लागलो. पहिल्या वर्षी जरीकाठी फेटा. तो परत आला. दुसऱ्या वर्षी फेटा आणि पूर्ण पोशाख. तोही परत. पुढं शाल-श्रीफळ पाठवलं, त्यातली शाल आली, नारळ राहिला. तो आक्कानं ठेवून घेतला असणार, कारण आमच्या आईची शिकवण होती की नारळ परत करायचा नसतो.

आणि आता मुलाचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरचं. आक्का मांडवात नसणार, हे मला खरोखर सोसत नव्हतं. आई गेल्यापासून मला फोन करून 'जेवलास का' असं विचारणारी ती एकटीच उरली होती, आणि सहा वर्षं तीही विचारत नव्हती. एवढं दुःख असूनही मी काय करत होतो, तर यंदाच्या दिवाळीला कुठला फेटा पाठवावा याचा विचार.

एप्रिलमध्ये बाथरूममध्ये घसरलो आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या मालातल्या चुका काढतो. बावीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला घरात बसवलं की तो घरातल्यांच्या चुका काढायला लागतो. चौथ्या दिवशी मुलानं लॅपटॉप आणून पुढ्यात ठेवला. मला स्वतःला बसून राहायला मनापासून आवडतं, हेही इथं सांगून ठेवतो. चहा हातात येतो, कुणी काही सांगत नाही, यात माणसाला त्रास होण्यासारखं काय आहे हे मला तोवर कळत नव्हतं.

"गोळ्या घालायचं असलं काही मला नको," मी म्हणालो.

"ह्यात गोळ्या न्हाईत पप्पा. ह्यात माणसं जगवायची असतात. आणि जपून खेळा, असले गेम खेळून लोक रडत्यात."

त्यानं मला इंटरनेटवर लोकांनी लिहिलेलं दाखवलं. कुणी गेममधला घोडा मेला म्हणून दोन दिवस जेवलं नव्हतं. कुणी गेममधल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला निरोप देताना रडलं, आणि तसं लिहून त्याखाली अनोळखी लोकांचं सांत्वन घेत होतं. मी मनसोक्त हसलो. यांच्या घरी माणसं नसतील, असं माझं मत झालं.

गेम असा. डोंगरात एक वस्ती, चारी बाजूंनी बर्फ, बाहेर जायची वाट बंद. आठ माणसं. थंडीचे चाळीस दिवस काढले की वाट उघडते. मध्ये एक शेकोटी, ती विझली की खेळ संपला. रोज सकाळी आपण प्रत्येकाला काम वाटून द्यायचं. कुणी लाकडं फोडायची, कुणी शिकारीला जायचं, कुणी छपरं नीट करायची, कुणी रांधायचं. माणसं पडद्यावर बोटाच्या पेराएवढी, पण प्रत्येकाची चालायची तऱ्हा वेगळी. एखाद्यावर माऊस नेला की त्याच्याविषयी एक वाक्य खाली उमटायचं. 'हिला झोप लागली नाही.' 'ह्याचे हात थंडीनं फुटलेत.' इंग्रजी होतं, पण सोपं.

नावं आपण द्यायची असतात. मी नावं दिली नाहीत, नाती दिली, कारण आपल्या माणसांना नावानं हाक मारायची सवयच नाही. एक 'मी', एक बायको, एक मुलगा. एका म्हातारीला 'आई' केलं. ती जाऊन नऊ वर्षं झाली, पण गेमला काय माहीत. मग आक्का, दाजी, थोरले मामा. आठवी जागा उरली ती होणाऱ्या विहीणबाईंना दिली. आदल्याच दिवशी त्या आंब्याची पेटी घेऊन पाय बघायला आल्या होत्या, त्यांना वगळणं बरं दिसलं नसतं.

इथंच चुकलं. नाती आली की त्यांच्यामागून रीतभात आलीच. आई म्हातारी, तिला शेकोटीजवळ बसवलं. आक्का माहेरवाशीण. गेमनं तिला लाकूडतोडीत सगळ्यांहून तरबेज केलं होतं, पण माहेराला आलेल्या बाईच्या हातात कुऱ्हाड कोण देतं? विहीणबाई शिकारीत पटाईत होत्या. तरी लग्न लागायच्या आधी विहिणीला धनुष्यबाण देऊन बर्फात पाठवायचं आणि येताना रानडुक्कर आणा म्हणायचं, हे माझ्या हातून होईना. मामा वडीलधारे. आणि दाजी तर दाजीच. दाजींना काम सांगायचं नसतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते आपोआप येतं. राहिलो आम्ही तिघं.

अकराव्या दिवशी बायको गेली. अतिश्रमानं, असं गेमचं म्हणणं. बाराव्या दिवशी शेकोटी विझली आणि पाचही मानकरी पोटभर जेवून थंडीनं गारठून गेले. खरी बायको शेजारी तांदूळ निवडत होती. तिनं पडद्याकडं पाहून विचारलं, "तिथंबी मीच मरायचं व्हय पहिलं?" मी लॅपटॉप जरा पलीकडं वळवला.

यात रडण्यासारखं काही नव्हतं. मी पुन्हा सुरुवात केली, या खेपेला थोडी लाज सोडून. मामांना छपरावर चढवलं. आक्काला मनातल्या मनात माफी मागून कुऱ्हाड दिली. शेवटी मन घट्ट करून विहीणबाईंनाही शिकारीला धाडलं. त्या संध्याकाळी दोन ससे घेऊन आल्या आणि खाली वाक्य आलं, 'हिला फार दिवसांनी मोकळं वाटतंय.' दुसऱ्या दिवशी त्यांचा खरोखरचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याशी जरा जास्तच अदबीनं बोललो.

दाजींच्या बाबतीत मात्र मी मागं हटलो नाही. खऱ्या आयुष्यात मानात कमी पडलो होतो, निदान इथं तरी पडायचं नाही असं ठरवलं. शेकोटीजवळची एकुलती एक चांगली बैठक त्यांची. पहिली वाटी त्यांना. घोंगडी आली ती आधी त्यांच्या अंगावर.

पाचव्या दिवशी पडद्यावर एक चौकट आली. 'मला काही काम आहे का, असं हा विचारतोय.' खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी 'नाही' दाबलं. दाबताना मला छान वाटलं, हे मुद्दाम लिहितो. बाराव्या दिवशी परत चौकट. 'नाही.' एकोणिसाव्या दिवशी, 'निदान लाकडं फोडू का?' 'नाही.' सव्विसाव्या दिवशी, 'ह्यानं केरसुणी हातात घेतली आहे. घेऊ द्यावी का?' मी 'नाही' इतक्या जोरात दाबलं की बायको म्हणाली, बटण मोडंल.

मधल्या काळात त्यांच्याखालची वाक्यं बदलत होती. आधी यायचं, 'पोट भरलं आहे. ऊब आहे.' मग आलं, 'हा सगळ्यांच्या हातांकडं बघत बसतो.' मग, 'हा भिंतीकडं तोंड करून बसतो.' मला वाटलं थंडी वाजत असेल. मी आणखी एक घोंगडी दिली.

एकतिसावा दिवस. खरं म्हणाल तर दुपारचे तीन, बाहेर रणरणतं ऊन, आणि डोक्यावर पंखा. वस्तीत सगळं उत्तम चाललं होतं. बर्फ कमी होत होता, मांस होतं, सगळे जिवंत होते, आणि मी स्वतःवर खूश होतो. सकाळ सुरू केली तर दाजींची बैठक रिकामी. वाटी भरलेली तशीच. दोन्ही घोंगड्या घडी घालून ठेवलेल्या. दारापाशी फोडलेल्या लाकडांची रास, एकावर एक नीट रचलेली. खाली लिहिलं होतं, 'उजाडायच्या आधी हा निघून गेला. जाण्याआधी त्यानं तुमच्यासाठी नऊ दिवसांची लाकडं फोडून ठेवली.'

बर्फात पावलांची एक रांग होती. मी माऊस घेऊन तिच्यामागं गेलो. पडद्याच्या कडेला ती संपली. पुढं न्यायची काही सोय नव्हती, तरी मी बराच वेळ माऊस तिथंच ढकलत राहिलो.

मग मी रडलो. डोळे पाणावले वगैरे नव्हे. हुंदके देऊन, आवाज करून रडलो. बायको स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली.

"काय झालं? कुणाचा फोन?"

"दाजी गेले."

ती वळली आणि आधी जाऊन गॅस बंद केला. तव्यावर भाकरी होती ती तशीच ठेवून आली आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. "कधी?"

"उजाडायच्या आधी."

"आणि आक्का?"

"शेकोटीजवळ हायत," मी म्हणालो.

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. त्यानंतर तिनं मला जे ऐकवलं ते सगळं इथं लिहीत नाही. जित्या माणसाचं असं अभद्र बोलल्याबद्दल आणि पन्नाशी उलटून गेल्यावर अक्कल गहाण टाकल्याबद्दल होतं. शेवटी ती म्हणाली, "जाऊ दे, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय म्हणत्यात," आणि जाऊन गॅस पेटवला. ती कडक झालेली भाकरी मलाच वाढण्यात आली.

संध्याकाळी मुलगा आला. तो हसेल असं वाटलं होतं, तो हसला नाही. त्यानं ती रिकामी बैठक आणि ती लाकडं बारकाईनं पाहिली, मग मोबाइलवर अर्धा तास काहीतरी शोधत बसला.

"पप्पा, हे फार कुणी बघितलेलंच न्हाई," तो म्हणाला. "बनवणाऱ्यांनी ठेवलंय, पण लोकांना मिळतच न्हाई. सगळे पहिल्या दिवशीच त्याच्या हातात कुऱ्हाड देत्यात. एकानं लिहिलंय बघा, ह्याला एवढे दिवस रिकामा बसवून ठेवणारा खेळाडू असतो तरी कसला."

तो परदेशी माणूस कोण कुठला मला माहीत नाही. पण त्याचा प्रश्न मला लागला. पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या मी मुलीचं लग्न पहिल्यापासून आठवायला घेतलं, आणि कारखान्यात एखादा माल नाकारून परत पाठवल्यावर चूक आपल्याच मोजमापात होती हे कळावं तसं मला झालं.

दाजी लग्नाच्या चार दिवस आधी आले होते. हातात पिशवी, पिशवीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा झारा. तीस वर्षं मुरगूडच्या पंचक्रोशीत असं लग्न झालं नसेल की जिथल्या जेवणावर दाजींची नजर नव्हती. एक पैसा घ्यायचे नाहीत. आचाऱ्याच्या मागं उभे राहायचे, तांदळात हात घालून पाणी किती लागेल ते सांगायचे, भात तळाला धरणार हे वासावरून ओळखायचे, आणि शेवटची पंगत उठल्यावर जेवायचे. माणसं त्यांना आमंत्रण द्यायला यायची ती तारीख ठरवायच्या आधी.

मी काय केलं होतं? कार्यालय, मांडव, जेवण, सगळं एका कंत्राटदाराला देऊन मोकळा झालो होतो. त्याच्याकडं कामाला असलेली मुलं गळ्यात टाय बांधून वाढणार होती. दाजी आले त्या दिवशी मी म्हणालो, "दाजी, तुम्ही बसा. तुम्ही मानाचं." दुसऱ्या दिवशी ते भाजी बघायला निघाले, त्यांना दंडाला धरून परत आणलं. "तुम्ही कशाला? माणसं हायत." हळदीच्या दिवशी ते खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होते, तिथूनही उठवलं. लग्नाच्या सकाळी ते भट्टीपाशी जाऊन उभे राहिले, तेव्हा कंत्राटदाराच्या माणसानं मला बाजूला घेऊन पाहुण्यांना जरा समजावायला सांगितलं. मी दाजींना आणून पहिल्या ओळीतल्या सोफ्यावर पंख्याखाली बसवलं आणि सरबत पाठवलं. हे सगळं मी आदरानं केलं होतं. चारही वेळा.

त्यानंतर फेटे संपले. संपले नसते तरी दाजी गेलेच असते, फक्त आम्हाला कारण सापडलं नसतं.

मेअखेरीला प्लास्टर निघालं. मी मुरगूडला जातो म्हटल्यावर बायको म्हणाली, "मोकळ्या हातानं जाऊ नका, निदान कापड तरी न्या." मी मोकळ्या हातानं गेलो. बहिणीच्या घरी असं जायला फार धीर लागतो. एस.टी.त बसून मी चांगलं लांबलचक भाषण तयार केलं होतं आणि मुरगूडच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते पाठही झालं होतं.

दाजी बाहेरच्या सोप्यात जमिनीवर बसले होते. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचं पोतं, बाजूला दाण्यांसाठी वेताची बुट्टी. पेरणीसाठी बियाणं फोडत होते.

"या पावणं, बसा," ते म्हणाले. पूर्वी मला 'का रं' म्हणणारा माणूस. आत आवाज दिला, "अगं, पावणं आल्यात."

आक्का तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्या काठीकडं पाहिलं, तांब्या ठेवला आणि आत गेली. ती केवढी वाळली होती. भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा मला आठवेना.

"दाजी, तुम्ही मेलता," मी म्हणालो.

"कवा?"

"गेममधी."

त्यांनी एक शेंग फोडली. "सांगा की. ऐकतोय."

मी सांगितलं. बर्फ, शेकोटी, आठ माणसं, वाटून द्यायची कामं. शेतीखात्याचा माणूस नवं औषध सांगायला आला की दाजी जसं ऐकतात, हूं नाही की चूं नाही, तसं त्यांनी ऐकून घेतलं. गोष्ट विहीणबाईंच्या सशांपाशी आली तेव्हा दाराआड बांगड्या वाजल्या, त्यावरून आक्काही ऐकत होती.

"आन् मी कशानं मेलो म्हनं?"

"बसून," मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले. "कुनी बसीवलं?"

"मी. चार येळा इचारलं तुम्ही काम हाय काय म्हणून. चारी येळा मी बसा म्हणालो."

"गेममधी?"

"गेममधीबी."

दाजींनी हातातली शेंग खाली ठेवली. 

"झारा घिऊन आलतो मी," ते म्हणाले. "चार दिस पिशवीतनं काढला न्हाई. आन् तुझ्या त्या टायवाल्या पोरानं मला इचारलं, आजोबा, भूक लागलीया काय? मला. मी भात बघाय गेलतो. भात धरत हुता तळाला, लांबनं वास येत हुता. म्या सांगिटलं तर त्यो हसला. आन् तू आलास, मला धरून न्हेलंस आन् सरबत पाजलंस."

"आम्हाला वाटलं फेट्याचं..."

"फेट्याचं कुनी काढलं?"

"सगळेच म्हणत्यात."

"फेटा बांधून काय बुजगावनं करायचं हुतं माझं?" त्यांचा आवाज चढला. "सहा वर्सं फेटं धाडाय लागलाईस. मी हिला म्हनायचो, ह्येला अजून कळंना बघ. एक दिस येऊन, दाजी, जरा एवढं बघा की, म्हनाला असतास. कायबी. म्हस आजारी हाय म्हनाला असतास तरी आलो असतो."

माझ्याकडं म्हैस नाही, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. मी मान खाली घालून म्हणालो, "दाजी, पोराच्या लग्नाचं जेवण तुम्ही बघा."

ते कसंनुसं हसले. "आता हुय रं. गुडघं गेलं माझं. भट्टीपाशी दोन तास हुबं ऱ्हायला येत न्हाई. आमचं पोरगंबी तेच म्हनतंय, शेंगा मशीनवर फोडून आनतो, आबा तुम्ही बसा."

"खुर्ची टाकतो की. बसून बघा," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेल्यावर माझं मला ऐकू आलं. एवढा प्रवास करून, एवढं रडून, मी शेवटी काय आणलं होतं तर खुर्ची.  मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"परत बसवाय लागला ह्यो," दाजी दाराकडं बघून म्हणाले.

आत आक्का हसली. आधी दाबून, मग दाबता येईना म्हणून मोठ्यानं.

दाजींनी पायानंच एक बुट्टी माझ्याकडं सरकवली. "घे. रिकामा बसू नगंस."

मी शेंगा फोडायला बसलो. बियाण्याची शेंग हलक्या हातानं फोडावी लागते. दाण्यावरचं तांबडं साल निघालं की तो दाणा उगवत नाही, मशीनवर तेच होतं. दाजी दर दहा मिनिटांनी माझ्या बुट्टीत हात घालायचे, दाणे तळहातावर घेऊन उजेडाकडं धरायचे आणि निम्मे बाजूला टाकायचे. "ह्यो गेला. ह्यो गेला. ह्यो खायाला." बावीस वर्षं लोकांचा माल नाकारून मी पगार घेतला, पण इतक्या सरळपणे मला कुणी नाकारलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं.

आक्का ट्रेमध्ये कपबशा मांडून चहा घेऊन आली. माझ्यासमोरचा नाकारलेल्या दाण्यांचा ढीग पाहिला.

"ह्याला ल्हानपनापास्नं शेंगा फोडाय येत न्हाईत," ती दाजींना म्हणाली. "निम्म्या फोडतोय, निम्म्या खातोय." आणि मग मला, "जेवून जाणार हाईस न्हवं?"

मी जेवलो. झुणका होता, भाकरी होती, आणि ते नाकारलेले दाणे भाजून त्यांची चटणी. मग परत शेंगा फोडायला बसलो. लग्नाचं पुन्हा कुणी काढलं नाही. मलाही विचारायचं धाडस झालं नाही. पाचच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी काठी घेऊन उठलो, आक्काच्या पाया पडलो, दाजींच्या पडलो. ते पोत्यात हात घालून बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मी अंगणात उतरल्यावर त्यांचा आवाज आला.

"पान किती धरलंय?"

किती माणसं जेवायला धरली आहेत, हे मला सांगता येईना. याही लग्नाचं मी कंत्राटदारालाच सांगून ठेवलं होतं, ते त्याला माहीत. 

"म्हंजे कायबी ठरलेलं न्हाई," दाजी म्हणाले. "येत्या ऐतवारी कागद घिऊन ये. आन् सकाळी लवकर ये, निम्मं पोतं तसंच हाय."